पूलवालीची बाजू

६ जानेवारी

आयुष्यात पहिल्यांदा खलनायिकेचं काम मिळालं. इतकी वर्षं जाहिरातींतून माझ्या आवाजाने लोकांच्या पोरांना खोकल्याची औषधं पाजली, दात घासायला लावले, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायला सांगितलं. दुकानात नुसतं "एक साबण द्या" म्हटलं तरी शेजारचं गिऱ्हाईक वळून बघतं, हा आवाज कुठेतरी ऐकलाय म्हणून. आणि आज एका व्हिडिओ गेमच्या लोकांनी बोलावून सांगितलं की तुम्ही आमची दुष्ट बाई व्हा.

तिघं आहेत. एक दिग्दर्शिका, बॉबकट केलेली, सारखी पेन्सिल चावते. एक लेखक, जाड चष्मा, मला काकू म्हणतो. मी चोपन्न वर्षांची आहे, तरी काकू ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. तिसरा रेकॉर्डिंग करणारा ध्वनिवाला, जो अजूनपर्यंत एक शब्द बोललेला नाही.

गेम असा आहे. नदीकाठी एक गाव, पलीकडच्या तीरावर कायम धुकं. मधे एकच पूल, आणि त्याचं फाटक पूलवालीच्या ताब्यात. धुक्यात काहीतरी आहे असं सांगून ती कोणालाही पलीकडे जाऊ देत नाही. गावातल्या प्रत्येक घराला तिने घंटा बांधून दिली आहे. ती घरातल्यांनी थोड्या थोड्या वेळाने वाजवायची, म्हणजे आतलं माणूस ठीक आहे हे तिला कळतं. घंटा थांबली की पूलवाली दारात हजर. खेळणाऱ्याने टपाल पोचवणारी मुलगी व्हायचं आणि हिला चुकवून पूल ओलांडायचा.

"मग यात ती दुष्ट कुठे आहे?" मी विचारलं. तिघंही हसले. मी गंमत केली नव्हती.

घरी आले तेव्हा धाकटी बहीण अंघोळ करत होती. बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहूनच तिला सगळं सांगितलं. "आणि तू घेतलंस ते काम?" तिने आतून विचारलं. मग पाण्याचा आवाज थांबला आणि एकदम शांत झालं.

"बोलत राहा गं," मी म्हटलं.

"बोलतेय, ताई," ती म्हणाली आणि पाढे सुरू केले. अंघोळीत तिचं हे रोजचंच. एकेचाळीस वर्षांची झाली, पण सतराच्या पाढ्यात अजून अडखळते.

८ जानेवारी

रात्री नीट झोप नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले. कारण पूलवाली नाही, धाकटी आहे.

दूरच्या एका शहरातल्या संग्रहालयात तिला जुने, फाटलेले नकाशे दुरुस्त करायचं काम मिळतंय. मुलाखत झाली. आता तिकडच्या बाईंचा शेवटचा फोन यायचा, मग पहिल्या तारखेपासून रुजू. राहायला खोलीसुद्धा तिने बघून ठेवली. एकटीने! मला म्हणाली, "चल ना ताई, एकदा बघून तर ये." मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे. रेकॉर्डिंग खरंच आहे.

चार वर्षांपूर्वी तिला बाथरूममध्ये फिट आली होती. आतून कडी. मी बाहेरून हाका मारतेय, दार बडवतेय, आत नळ चालू. शेवटी वरच्या मजल्यावरचा सुतार धावत आला आणि त्याने दार उचकटलं. ती नळाखाली वाकडी होऊन पडली होती. मी ते कधीच विसरणार नाही. त्याच दिवशी माझ्या हाताने स्क्रू काढून ती कडी उतरवली. तेव्हापासून आमच्या घरात बाथरूमला कडी नाही आणि आत असलं की बोलत राहायचं, हा नियम. आई-वडील गेल्यापासून तिचं सगळं मीच बघितलंय, नियम कोणी करायचे मग?

गेल्या दोन-अडीच वर्षांत फिट आलेली नाही हे मान्य आहे. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या वेळेवर, झोप वेळेवर, बाकी खुशाल जगा." पण डॉक्टरांचं काय जातंय? त्यांनी नळाचा आवाज ऐकलेला नाही.

१२ जानेवारी

पहिलं रेकॉर्डिंग. फजिती झाली.

मी घरून तयारी करून गेले होते. घसा खरवडून, दात ओठ खाऊन, शेवटी एक लांबलचक खदाखदा हसणं. काचेपलीकडे बॉबकटने पेन्सिल तोंडातून काढली. "मॅडम, भीती वाटत नाहीये."

मग दबक्या आवाजात केलं. मग थंडगार. मग म्हातारीचं. काही नाही. मला वाटलं, काम गेलं. उद्या फोन येईल, आम्ही दुसऱ्या कोणाला तरी बघतोय म्हणून. खोकल्याच्या औषधाला आता नव्या आया मिळतात, माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या.

चहाच्या वेळी वाद झाला. चष्मेवाला म्हणाला, "सोपं आहे, काकू. तिला सत्ता हवी आहे. सगळे अडकून राहिले की सगळे तिच्यावर अवलंबून. फाटक उघडलं तर तिला कोण विचारतंय?"

"असं नाहीये," बॉबकट म्हणाली. "ती घाबरलेली आहे. घाबरलेलं माणूस दुष्टापेक्षा वाईट वागू शकतं."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही दोघं तिच्या जागी कधी उभे राहिलात का? सगळं गाव झोपतं आणि ती एकटी कान देऊन बसते. एखादी घंटा वाजली नाही तर तिच्या पोटात काय होत असेल? आणि तुम्ही खुशाल म्हणता सत्ता!"

"पण ती घंटा हीच तर आमची सगळ्यात भयानक कल्पना आहे," चष्मेवाला म्हणाला. अगदी आनंदाने म्हणाला.

"त्यात भयानक काय आहे?"

त्याने चष्मा पुसला. "काकू, एक सांगा. तिने कधी पूल ओलांडून पलीकडे जाऊन पाहिलंय?"

"ती गेली तर इकडे घंटा कोण ऐकणार?" मी म्हटलं. चोख उत्तर होतं. तरी ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि ध्वनिवाल्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

१४ जानेवारी

संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला. धाकटी खाली दूध आणायला गेली होती, फोन टेबलावर वाजत होता, म्हणून मी उचलला. वाजणारा फोन तसाच ठेवणं बरं दिसत नाही.

बाई बोलायला चांगल्या वाटल्या. मी म्हटलं, मी तिची मोठी बहीण. मग आपलं त्यांच्या कानावर घालून ठेवलं की हिला फिट्स येतात, जिन्यावरून एकटीला पाठवू नका, रंग-रसायनांचा वास तिला कितपत सोसेल सांगता येत नाही. उद्या काही झालं तर त्यांना निदान माहीत असावं. कोणीही जबाबदार माणसाने हेच केलं असतं. त्या म्हणाल्या, "बरं. आम्ही पुन्हा फोन करू."

धाकटी दूध घेऊन आली. तिला सांगणारच होते, पण ती जिन्याने धापा टाकत आलेली, म्हटलं आधी बसू दे. मग राहूनच गेलं.

१८ जानेवारी

फोन नाही. धाकटी दिवसातून दहा वेळा फोन उचलून बघते आणि पालथा ठेवते. जेवणातही लक्ष नाही. मला तिच्याकडे बघवत नाही.

"त्यांचंच काही नक्की दिसत नाही," मी म्हटलं. "अशा ठिकाणी जाऊन काय करणार?"

"हो का?" एवढंच म्हणाली. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती.

खरं लिहायचं तर मला हायसं वाटतंय. आणि हायसं वाटतंय म्हणून छातीत धडधडतंय. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं कोण जाणे. स्टुडिओतूनही निरोप नाही. घरातले दोन्ही फोन मुके, आणि आम्ही दोघी त्यांच्याभोवती चोरासारख्या फिरतोय.

२० जानेवारी

आज आवाज सापडला! आणि कसा, ते ऐकण्यासारखं आहे.

सकाळपासून पुन्हा तेच. सहा तऱ्हा केल्या, सहाही नापास. बॉबकट म्हणाली, थोडं थांबू. ते बाहेर गेले. मी माईकसमोरच बसून राहिले आणि धाकटीला फोन लावला. ती चिडलेली होती. म्हणाली, फोन येवो न येवो, मी तिकडे जाऊन समक्ष विचारून येणार. मी तिला समजावलं. आवाज बिलकूल चढवला नाही. मी तिच्यावर कधीच ओरडत नाही.

फोन ठेवून बघते तर काचेपलीकडे तिघंही उभे. ध्वनिवाल्याने माईक बंदच केला नव्हता. विसरला म्हणे.

बॉबकटचा चेहरा उजळला होता. "मॅडम, हाच! हाच आवाज हवा होता. एवढा गोड, की माणसाला हलता येऊ नये."

मला आधी संकोच वाटला, घरचं बोलणं चव्हाट्यावर आलं म्हणून. पण मग लक्षात आलं की मी माईकच्या जरा बाजूला बसले होते, त्यामुळे आवाजाला गोलाई आली असणार. मला हे आधीच सुचायला हवं होतं. चष्मेवाला भराभर लिहून घेत होता. "काकू, तुमची दोन-तीन वाक्यं संवादात घातली तर चालतील?" म्हटलं, घाला की. संवाद सुचणं हीदेखील एक कलाच आहे.

मग एका दमात सगळा प्रसंग झाला. पूलवाली फाटकाशी, समोर टपालवाली मुलगी. "अगं, जा की. खुशाल जा. मी कुठे अडवतेय? मी फक्त एवढंच म्हणतेय, आत्ता नको. मला एक सांग, तुला काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

माझा मलाच काटा आला. इतकं चांगलं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. काम टिकलं एकदाचं.

२२ जानेवारी

ध्वनिवाला बोलतो! आज म्हणाला, फाटकाच्या कडीचा आवाज हवाय, यंत्रातले तयार आवाज खोटे वाटतात, कोणाकडे जुनी जड कडी आहे का? मी म्हटलं, आहे. स्वयंपाकघरातल्या खणात, कागदात गुंडाळून, स्क्रूंसकट. उद्या नेऊन देते.

संध्याकाळी खण उघडून ती काढताना धाकटीने पाहिलं. "कशाला काढलीस?" तिचा आवाज एकदम हलका झाला होता.

"स्टुडिओत हवी आहे. पूलवालीच्या फाटकाला."

"अच्छा," ती म्हणाली आणि आत निघून गेली. हिला हल्ली काय होतं काही कळत नाही.

२४ जानेवारी



मी चष्मा घरी विसरले. संवाद वाचता येईनात, म्हणून धाकटीला फोन केला. ती चष्मा घेऊन आली तेव्हा बॉबकट कौतुकाने म्हणाली, "बसा ना, तुमच्या ताईंचं काम ऐका." आणि स्पीकर लावला.

आधी माझी कडी सरकल्याचा आवाज. मोठा करून ठेवलेला, सगळ्या खोलीभर. मग माझा आवाज. अगं, जा की. खुशाल जा. मी कुठे अडवतेय?

मी धाकटीकडे बघत होते, तिला आवडतंय का म्हणून. ती हातातली चष्म्याची पेटी उघडत होती, मिटत होती. संपल्यावर बॉबकटने विचारलं, "कशी वाटली आमची पूलवाली? तुमचं काय मत? दुष्ट आहे का हो ती?"

धाकटी म्हणाली, "तिचा जीव आहे सगळ्यांवर." मग पेटी मिटून म्हणाली, "पण मी त्या गावातली असते तर पोहत गेले असते."

तिने पेटी माझ्या हातात दिली आणि ती गेली. ध्वनिवाल्याने उगाचच एक वायर काढली आणि परत लावली. मला इतकं लाजल्यासारखं झालं की उरलेलं काम मी खाली मान घालून केलं, आणि कशाची लाज वाटतेय हे वाटेतल्या थांब्यावर बसेपर्यंत मी स्वतःला विचारलं नाही.

२५ जानेवारी

सकाळी चहा पुढ्यात ठेवून मी सगळं सांगून टाकलं. फोन मी उचलला, फिट्सचं मी सांगितलं, म्हणूनच बहुतेक त्यांनी नाद सोडला.

धाकटीने ऐकून घेतलं. साखर ढवळत राहिली, ती केव्हाच विरघळली होती.

"ताई, त्यांना ते आधीच माहीत होतं," ती म्हणाली. "मुलाखतीतच मी सांगितलं होतं. त्यांच्या तिथल्या एकाला आहे तो आजार, त्यांना काही नवीन नाही. त्या बाईंनी त्याच संध्याकाळी मला फोन करून सांगितलं, तुमच्या बहिणीला फार काळजी वाटते."

"त्याच संध्याकाळी? मग इतके दिवस तू फोनची वाट..."

"फोनची वाट नव्हते बघत."

मला कळायला वेळ लागला. फोन उचलून पालथा ठेवताना ती माझ्याकडे बघत होती. मी सांगते का म्हणून. अकरा दिवस समोरासमोर जेवलो आम्ही.

"काम?" मी विचारलं.

"पहिल्या तारखेपासून. तेव्हाच ठरलं."

मी रडले. ती उठून आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू वाईट नाहीयेस गं. पण मी इतकी वर्षं बाथरूममध्ये पाढे म्हणतेय, ताई." रागावली असती तर बरं झालं असतं.

२८ जानेवारी

शेवटचा प्रसंग. टपालवाली मुलगी फाटकाशी येते आणि विचारते, "धुक्यात काय आहे?" इथे पूलवालीला एकच वाक्य आहे, आणि ते काय असावं यावर लेखक-दिग्दर्शिकेची पुन्हा जुंपली. चष्मेवाल्याचं म्हणणं, तिने म्हणावं "काही नाही." म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं, ती खोटारडी होती. बॉबकटचं म्हणणं, तिने शेवटपर्यंत म्हणावं "फार भयंकर काहीतरी," कारण तिचा तसा विश्वास आहे.

"काकू, तुम्ही सांगा. तुमचीच आहे ती."

मी म्हटलं, "तिला माहीत नाही. ती कधी गेलीच नाही तिकडे. आणि जायची तिला भीती वाटते ती धुक्याची नाही. तिथे काहीच नसलं, नुसता रस्ता असला, चार घरं असली, तर इतकी वर्षं आपण काय केलं, याची."

चष्मेवाला लिहायचं विसरून ऐकत होता. मी माईकपाशी गेले आणि म्हटलं, "मला माहीत नाही." एकदाच. बॉबकट म्हणाली, झालं, पुन्हा नको. मागाहून ध्वनिवाल्याने कडी उघडल्याचा आवाज जोडला.

निघताना चष्मेवाल्याने विचारलंच, "मग ती दुष्ट होती की नाही, काकू?"

"ते मला नका विचारू," मी म्हटलं. "घंटा वाजवणाऱ्यांना विचारा."

ध्वनिवाल्याने कडी पाकिटात घालून परत दिली. स्क्रू वेगळ्या पुडीत होते, एकही हरवला नव्हता. त्याला मी म्हटलं, "त्या दिवशी माईक तुम्ही खरंच विसरला होतात?" तो नुसता हसला.

३० जानेवारी

धाकटीचं सामान बांधून झालं. मी म्हटलं, पहिल्या तारखेला सोडायला येते. ती म्हणाली, "सोडायला नको. आठवड्याने बघायला ये. खोलीच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात, तुला आवडेल." बरं म्हटलं. तिथल्या बाथरूमचं विचारणार होते, जिभेवर आलेलं गिळलं.

ती बाजारात गेल्यावर मी कडी लावायला घेतली. दोनच दिवस तर राहिलेत, आता कशाला, असंही वाटून गेलं. पण ती परत येईल तेव्हा घर असं नको. जुनी भोकं पुट्टीने बुजवून मीच त्यांवर रंग दिला होता. ती पुन्हा कोरली, तर स्क्रू नुसते गरगर फिरायला लागले. मग काडेपेटीच्या काड्या मोडून भोकांत ठोकल्या, तेव्हा कुठे स्क्रू धरले. थोडी तिरकी बसली आहे, पण लागते. मी आत जाऊन, बाहेर येऊन चारदा बघितलं.

धाकटी आली, टॉवेल घेऊन बाथरूमकडे गेली आणि दारात थबकली. कडीवरून बोट फिरवलं. आत गेली. कडी सरकली. स्टुडिओतल्यापेक्षा कितीतरी लहान आवाज.

मग काहीच नाही. पाढे नाहीत. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. हाक घशात आली होती, तोंडावर हात दाबून धरला. आत शांत. मग बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग तांब्याचा, मग पुन्हा शांत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती गप्प राहून अंघोळ करत होती. मला वाटतं, बराच वेळ लावला तिने. मी ओट्यापाशीच उभी राहिले आणि सतराचा पाढा म्हटला, मनातल्या मनात, पहिल्यापासून.